शून्य नंबरचा खण

नंबरकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारा माणूस आता एकच उरला होता, तो म्हणजे बँकेतला कारकून. बाकी साऱ्या जगाचे ते नंबरकाका. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी उभा जन्म काढला. मिसरूड फुटायच्या वयात फडकं मारायला म्हणून आत शिरले आणि टक्कल घेऊन, स्टोअरकीपर म्हणून बाहेर पडले. मधल्या काळात लग्न झालं, मुलगी झाली, आईवडील गेले. पण आयुष्य कसं गेलं असं कुणी विचारलं की ते खणांबद्दलच बोलायला लागत.

त्या स्टोअरची एक रीत होती. प्रत्येक वस्तूला नाव, नावापुढे टिंब आणि टिंबापुढे ती वस्तू ज्या खणात राहते त्या खणाचा नंबर. वायसर टिंब बारा. पट्टा टिंब तीस. टिंबाआधी माणूस, टिंबानंतर त्याचा पत्ता, असं ते नव्या कामगारांना समजावत. एका गोष्टीला एकच जागा, तिची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवायची नाही, कारण दोन जागी असलेली वस्तू ऐन वेळी एकाही जागी सापडत नाही. आणि पाच वर्षांत जिला कुणी विचारलं नाही ती वस्तू निकामी. तिचं नाव पुसायचं, नुसता क्रमांक टाकायचा आणि शून्य नंबरच्या खणात लोटून द्यायचं. वर्षाअखेर भंगारवाला येई आणि तो खण झाडून नेई.

निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, बागेत बसतात. नंबरकाकांनी घराचं स्टोअर केलं. किल्ल्या, औषधं, छत्र्या, स्वयंपाकघरातले डबे, सगळ्यांवर नंबर चढले. त्यांची बायको पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवायची. बाई हसऱ्या तोंडाची, पण जिभेला धार. "एवढा संसार रेटला," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आणि आता माझ्याच घरात चहाचा डबा कुठे ते ह्यांना विचारायला लागतं." काका म्हणत, "विचारायचं कशाला? नंबर पाठ कर." यावर मशीन जरा जास्तच जोरात चालायला लागे.

मुलगी नोकरीसाठी लांब गेली आणि जाताना घरात कॉम्प्युटर मांडून गेली. काकांना तो आवडला, कारण त्यात खण होते. एक गोष्ट मात्र डोळ्यात खुपली. प्रत्येक फाइलीच्या नावामागे टिंब होतं, पण टिंबापुढे नंबराच्या जागी कसली तरी इंग्रजी अक्षरं. फोटोला वेगळी, पत्राला वेगळी.

"बाबा, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात," मुलीनं फोनवर सांगितलं. "फाइल कशानं उघडायची ते कॉम्प्युटरला त्यावरून कळतं. तुम्ही तिथे हात लावू नका."

हात लावू नका म्हटल्यावर हात लावला नाही तर ते नंबरकाका कसले? टिंबापुढची जागा खणाची, तिथे भलतंच कुणी ठाण मांडून बसलंय, एवढं त्यांना पुरे होतं. त्यांनी अक्षरं पुसली आणि नंबर घातले. औषधपाण्याच्या कागदांचे फोटो नऊ नंबर, घरच्या माणसांचे फोटो चौदा, बिलंबिलं सोळा. यंत्र दर वेळी बजावी, असं केलंत तर फाइल निकामी होऊ शकते, नक्की करायचं का? काका दर वेळी 'हो' दाबत. कारखान्यात नवा साहेब आला की पहिला महिनाभर तोही असंच विचारायचा, असं त्यांचं म्हणणं.

आणि गंमत म्हणजे ते जमलं! फाइल उघडायला गेलं की यंत्र विचारी, ही कशानं उघडू? काका एकदा दाखवून देत आणि नऊ नंबरला पुढे नेहमी असंच उघड, असा दम भरत. यंत्र बिचारं शिकलं. काही वर्षं त्या घरात असा एक कॉम्प्युटर नांदत होता ज्याला नऊ आणि चौदाचा अर्थ कळत होता. तसा दुसरा जगात कुठे असेल असं वाटत नाही.

मग गेल्या वर्षी, वर्ष सरता सरता, तो बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं आतलं सगळं नव्यानं बसवलं. जुन्या फाइली त्यानं फेकल्या नाहीत हे त्याचे उपकार, पण सगळे खण उपसून त्यानं 'जुनं' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये ओतले. नव्या यंत्राला नऊ नंबर माहीत नव्हता, चौदा माहीत नव्हता. फाइली होत्या, पण सगळ्या कोऱ्या पांढऱ्या कागदासारख्या दिसत होत्या. "माझं स्टोअर मोडलं त्यानं," असं म्हणून काकांनी यंत्रावर जुनी चादर टाकली आणि अबोला धरला. तो अबोला बायकोचा खोकला सुरू होईपर्यंत टिकला.

खोकला साधा वाटला होता. औषध झालं, वाफ झाली, बरं वाटलं, परत आला. शेवटी छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि पेनाच्या टोकानं खालच्या बाजूच्या बरगड्यांमधली एक जागा दाखवली. तिथे नाण्याएवढा पांढरट डाग होता.

"आधी कधी छातीचा फोटो काढला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो तर. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा," बायकोच बोलली. "बरीच वर्षं झाली."

"तो आणा. हाच डाग तेव्हाही असेल आणि एवढाच असेल, तर बहुतेक जुना व्रण. मग वर्षातून एकदा बघत राहायचं, बस. पण तेव्हा नसेल, तर थांबून चालणार नाही. सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल. सोमवारी या, फोटो घेऊन."

ऑपरेशन झालं ते छोटं हॉस्पिटल केव्हाच बंद पडलं होतं, आता तिथे गाद्यांचं दुकान होतं. पण एक्स-रेची सीडी तेव्हा घरी दिली होती. पुढे कॉम्प्युटर आल्यावर काकांनी त्यातला फोटो त्यात घेतला होता आणि मग, एका गोष्टीला एकच जागा म्हणून, सीडी मोडून टाकली होती. रिक्षात ते बायकोला म्हणाले, "काळजी करू नकोस. फोटो, छाती, टिंब नऊ. घरी गेलं की हातात देतो." बायको बाहेर रस्त्याकडे बघत होती. तिनं मान हलवली.

घरी जाऊन त्यांनी चादर ओढली, यंत्र सुरू केलं, शोधायच्या चौकटीत 'छाती' टाइप केलं. काहीही सापडलं नाही. 'फोटो छाती' टाइप केलं. नाही. नुसतं 'टिंब नऊ' टाकलं, तशी पांढऱ्या कागदांची रांग लागली. रक्त, साखर. रक्त, थायरॉइड. चष्मा, उजवा डोळा. प्रत्येक नाव त्यांनीच दिलेलं आणि प्रत्येक त्यांना आठवत होतं. छाती त्यात नव्हती. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. यंत्राला शोधताच येत नाही, असा निकाल देऊन ते एकेक ओळ डोळ्यांनी वाचायला बसले. जेवायची हाक आली तर "आलो" म्हणत आणि हलत नसत. चहा शेजारी गार होई. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढच्या खोलीत मशीन चाले, मग थांबे, मग खोकल्याची उबळ ऐकू येई, आणि उबळ संपेपर्यंत काकांचा हात माउसवर तसाच राही. उबळ संपली की हात पुन्हा चालू. मुलीला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सोमवारी काय ते कळू दे, मग बघू, असं दोघांनी ठरवलं होतं; म्हणजे काकांनी ठरवलं आणि बायको गप्प बसली.

भीती त्यांनाही वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण भीती वाटली की त्यांना काहीतरी शोधायला लागायचं, हा जुना स्वभाव. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांनी घरातले सगळे स्क्रू निवडून वेगळे केले होते.

तिसऱ्या दिवशी बायकोनं कुणाला न विचारता आपल्या धाकट्या बहिणीला फोन केला. ही बहीण एका शाळेच्या ऑफिसात होती. वेळापत्रकं, निकाल, दाखले, सगळं कॉम्प्युटरवर तीच करी. भावोजींशी तिचं नातं मेहुणीचं, म्हणजे टोमणा मारायचा परवानाच.

"काय भावोजी," ती चपला काढता काढता म्हणाली, "स्टोअरमध्ये चोरी झाली म्हणे?"

"सर्च बिघडलाय त्याचा," काका म्हणाले. "मी नीट ठेवलं होतं."

"नाचता येईना अंगण वाकडं! सरका." ती खुर्चीवर बसली, पांढऱ्या कागदांची रांग वरून खाली फिरवली, आणि तिची थट्टा गेली. "हे काय केलंय? सगळ्या फाइलींची शेपटं कापलीत तुम्ही?"

"कापली नाहीत. खणाचे नंबर घातलेत."

"यंत्राला तुमचा खण कसा कळणार? त्याला शेपूट बघून कळतं की हा फोटो आहे की पत्र. ताईचा एक्स-रे इथे असला तरी त्याला तो फोटो आहे हे माहीतच नाही. मी 'सगळे फोटो दाखव' म्हटलं तर तो म्हणणार, घरात फोटोच नाहीत." तिनं तसं करून दाखवलं. यंत्रानं खरंच तसं सांगितलं.

"पण मी नावानं शोधतोय," काका हटून म्हणाले. "नाव तर मी पुसलं नाही ना?"

ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्यांचं त्यांनाच काहीतरी टोचलं. मेहुणी त्यांच्याकडे बघत होती.

"भावोजी, जुनं काही टाकून दिलंत का तुम्ही? आठवा."

त्यांना आठवलं. गेल्या वर्षी, यंत्र बंद पडायच्या थोडं आधी, जागा कमी पडते म्हणून त्यांनी पाच वर्षांहून जुना सगळा माल काढला होता. रोज संध्याकाळी बसून एकेका फाइलीचं नाव पुसायचं, क्रमांक टाकायचा, टिंब, शून्य. कामाचा हात होता, न बघता चालायचा. त्यात कधीतरी 'छाती' आली असणार. त्यांनी ती वाचली असणार, बायकोला बरं वाटून पाच वर्षं झाली, आता कोण विचारणार, असं मनाशी म्हटलं असणार आणि पुसली असणार. वर्ष संपल्यावर तो खण ते रिकामा करणार होते. दुरुस्तीवाल्यावर रुसून यंत्राला हात लावला नाही, म्हणून राहिला.

"शून्य नंबरमध्ये असेल," ते म्हणाले. "निकामी मालात."

"ताईचा एक्स-रे? निकामी मालात?"

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं होतं, तिकडे ऐकू गेलं की नाही कळायला मार्ग नव्हता. त्यांना स्वतःच्या हातांची लाज वाटली. हात मांडीवर होते, ते त्यांनी उगाच टेबलाखाली नेले.

मेहुणीनं खुर्ची पुढे ओढली. 'टिंब शून्य' शोधल्यावर नुसत्या क्रमांकांची अशी रांग लागली की तिनं चष्मा पुसून पुन्हा घातला. एक टिंब शून्य, दोन टिंब शून्य, खाली खाली जातच होती. नाव कुणालाच नाही.

"आधी ह्या सगळ्याची दुसरी प्रत काढते."

"दोन प्रती?" सवयीनं काकांच्या तोंडून निघालं.

"हो, दोन. एकच ठेवलीत म्हणून तर आज ही वेळ आली आपल्यावर."

तिनं प्रत काढली. मग एक काळी चौकट उघडून त्यात एकच ओळ लिहिली, की ज्यांच्या ज्यांच्या मागे शून्य आहे त्या सगळ्यांना फोटोची शेपूट लाव. कळ दाबली. "जे फोटो नसतील ते उघडणार नाहीत," ती म्हणाली. "पण जे असतील ते तोंड दाखवतील."

आणि तोंडं दिसायला लागली. पांढरे कागद एकेक करून रंग घ्यायला लागले. मुलगी शाळेच्या नाटकात, कागदी मिशी लावून. सासूबाई खुर्चीत, मांडीवर मांजर. बायको नव्या शिलाई मशीनवर हात ठेवून, अशी ऐटीत की जणू मशीन तिनंच बनवलंय. काका वाकून बघत राहिले. ह्यातलं काहीही त्यांना निकामी म्हणून आठवत नव्हतं. मेहुणी एकदाच "अरे देवा" म्हणाली.

"ऑपरेशन कधी झालं? नाव नाही तर नाही, फाइलीची जुनी तारीख कुठे जात नाही. नाव बदललं तरी ती तशीच राहते."

"लेकीची दहावी संपली त्या सुट्टीत."

तिनं सगळ्या फाइली तारखेनं लावल्या आणि त्या वर्षापाशी येऊन सावकाश खाली सरकू लागली. काका मनात एकच गोष्ट मागत होते. डाग असू दे. तेवढाच, तिथेच, नाण्याएवढा. आपल्या बायकोच्या छातीत जुना डाग निघू दे म्हणून माणूस असा हात जोडेल हे चार दिवसांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

रंगीत फोटोंच्या मध्ये एक करडा चौकोन आला. मेहुणीनं तो मोठा केला. खाली कोपऱ्यात बायकोचं नाव, वय आणि त्या बंद पडलेल्या हॉस्पिटलचा शिक्का. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तोच होता.

काकांनी पाकिटातून नवी फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडासमोर धरली. डॉक्टरांनी पेन टेकवलं होतं ती जागा बघितली, कितवी बरगडी ते मोजलं. मग पडद्यावर तीच बरगडी मोजली. पुन्हा मोजली, ह्या वेळी वरून नाही, खालून. मेहुणी उठून त्यांच्यामागे उभी राहिली आणि तिनंही मोजली.

पडद्यावर तिथे काही नव्हतं. काळा, नितळ, भरलेला श्वास होता, बाकी काही नाही.

"फोटो जुना आहे, नीट आला नसेल," काका म्हणाले.

"सगळं स्वच्छ दिसतंय, भावोजी."

"जरा उजेड वाढव."

तिनं वाढवला, कमी केला, अजून मोठा केला. डाग काही उगवला नाही. मेहुणीनं हळूच दरवाजाकडे पाहिलं. "ताईला आज सांगायचं? की म्हणू, सापडला नाही? सोमवारी डॉक्टरच सांगतील."

काकांना ते एक क्षणभर फार बरं वाटलं. नाही सापडला. किती सोपं होतं! तीन दिवस ते हेच सांगत होते आणि सगळ्यांचा विश्वास बसला होता. पण मग सोमवारी डॉक्टरांनाही तेच सांगावं लागलं असतं, सुईचं काम लांबलं असतं, आणि थांबून चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

बायको दारातच उभी होती. गळ्यात मोजायची टेप, बोटात शिवणकामाची टोपी. केव्हा आली कुणाला कळलं नाही.

"सापडला?"

"सापडला," काका म्हणाले.

"आहे डाग?"

"नाही."

"अगदीच नाही?"

"अगदीच नाही गं."

ती पुढे आली. टेबलाला हात टेकून तिनं पडद्यावरच्या आपल्या बरगड्या बघितल्या. बराच वेळ बघितल्या. बहिणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं राहू दिला.

"किती बरी होते हो मी," ती म्हणाली.

सोमवारी काय करायचं, सुईचं कुठे करायचं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं का, मुलीला फोन करायचा, असं सगळं काकांच्या डोक्यात एकदम यायला लागलं आणि त्यांचा हात पुन्हा माउसकडे गेला. "थांब, ऑपरेशनच्या आधी अजून एक फोटो काढला होता का बघतो. तारखेनं लावलंयच. बाजूनं काढलेला एखादा असेल, त्यात कदाचित..."

"पुरे," बायको म्हणाली.

ती चिडली नव्हती. आवाज अगदी साधा होता, डबे आवरून ठेवा म्हणायचा तसा.

"तीन दिवस झाले, तुम्ही ह्या यंत्रासमोर बसलाय. मी तिकडे एकटीच बसलेय हो. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं तो डाग नवा आहे. छाती माझी आहे, मला नाही कळणार? फोटो नव्हता हवा मला. कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं."

मेहुणी चहा टाकते असं पुटपुटत आत गेली. काका खुर्चीतून उठले. बायको पुढच्या खोलीत जाऊन मशीनजवळच्या बाकावर बसली होती. ते तिच्याशेजारी जाऊन बसले. अर्धवट शिवलेला गणवेश दोघांच्या मध्ये होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. तिला उबळ आली, तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आतली प्रत्येक ढास हाताला लागत असताना तो तसाच ठेवला.

"भीती वाटते," ती उबळ संपल्यावर म्हणाली.

"मलाही," काका म्हणाले. एवढंच त्यांना सापडलं.